ऐकणाऱ्याचा इतिहास



संगीताचा इतिहास म्हटला म्हणजे गवयांचीं घराणीं, राग व बंदिशी ह्यांचेंच वर्णन बहुधा पुढें येतें. परंतु गाणाऱ्याप्रमाणें ऐकणाऱ्यालाही इतिहास आहे. आणि तो गेल्या सवाशें वर्षांत इतक्या झपाट्यानें पालटला आहे कीं, त्यांतील निम्मा भाग माझ्यासारख्या साठी उलटलेल्या शिक्षकानें स्वतःच्या कानांनीं अनुभवला आहे.

आमचें करंजाडें हें पनवेलच्या शेजारचें गांव. आज येथें सिडकोची वसाहत व उंच इमारती आहेत. माझ्या बाळपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, सभोंवार भातखाचरें होतीं. ह्या भागांतील आगरी लग्नांत धवलारीण असे. प्रत्येक विधीस अनुरूप असा धवला ती मुखानें म्हणे व भोंवतालच्या बायका तो उचलून धरीत. भजनाचीही तीच रीत. बुवांनीं अभंग सुरू करावा आणि टाळकऱ्यांनीं तो झेलावा. केवळ ऐकावयास बसलेला मनुष्य तेथें विरळाच. ऐकणें व गाणें हीं दोन कामें अद्याप विभक्त झालीं नव्हतीं.

शहरांत हा विभाग पूर्वींच पडला होता. किर्लोस्कर मंडळीनें १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें, आणि पैसे देऊन पदें ऐकणारा मोठा वर्ग महाराष्ट्रांत तयार होऊं लागला. पण हा श्रोताही मुका नव्हता. ‘वन्समोअर’ची आरोळी उठली कीं पद पुन्हां म्हटलें जाई. गाणें किती वेळ चालावें, हें गाणारा व ऐकणारा मिळून ठरवीत.

ही सत्ता प्रथम हिरावून घेतली ती तबकडीनें. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहर जान हिचा आवाज तबकडींत उतरविला. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. सबब तासभर रंगणारा ख्याल त्या मापांत बसवावा लागला. गवई समोर नाहीं, त्यास दाद पोंचत नाहीं, श्रोत्यांचें मुख पाहून तो बढत करीत नाहीं, असें हें नवें गाणें होतें. तथापि, जिच्या बैठकीस जाणें घरंदाज स्त्रियांस मना होतें, त्या गायिकेचा आवाज त्याच स्त्रियांच्या माजघरांत पोंचला. हा लाभ लहान नव्हे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुण्याचें १९५३ सालीं. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रानें ‘गीतरामायण’ प्रसारित केलें. गदिमांचें काव्य व सुधीर फडके ह्यांचें संगीत असलेलीं ५६ गीतें वर्षभर आठवड्यास एक ह्या क्रमानें आलीं. पुढचें गीत ऐकण्यासाठीं सात दिवस वाट पहावी लागे, आणि त्या प्रतीक्षेंतच अर्धा रस होता. आमच्या लहानपणींही रेडिओ घेण्यास परवाना लागे व पोस्टांत वार्षिक फी भरावी लागे. म्हणून एकाच्या घरचा रेडिओ हा साऱ्या आळीचा असे. ‘आपली आवड’ लागली कीं ओटीवर दाटी होई. कोणतें गाणें लागावें हें आमच्या हातीं नव्हतें, परंतु तें सर्वांनीं एकत्र ऐकावें हें ठरलेलें होतें.

पुढें ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर गेला. १९८० च्या सुमारास कॅसेट आली आणि गांवोगांवच्या भजनी मंडळांस व कोळीगीतांच्या गायकांस आपला आवाज विकत देतां येऊं लागला. १९७९ सालीं जपानांत वॉकमन निघाला. त्यानें गाणें एकाच्याच कानांत कोंडलें. आतां भ्रमणध्वनीनें तें काम पूर्ण केलें आहे. पूर्वीं एक गाणें व ऐकणारे अनेक होते. आतां ऐकणारा एक व गाणीं असंख्य.

जुनें तेवढें सोनें, असें माझें म्हणणें नाहीं. जुन्या बैठकीचें दार सर्वांस उघडें नव्हतें. जात, पैसा व यजमानाची मर्जी हीं तिघें तेथें द्वारपाल होतीं. १९३७ सालीं निवर्तलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांचा स्वर आज करंजाड्यांतील कोणताही विद्यार्थी जवळजवळ फुकट ऐकूं शकतो. ह्या समतेचें मोल मी जाणतों.

परंतु एक गोष्ट यंत्रानें भरून येत नाहीं. तबकडीवरील ख्याल टिकला, कारण तो ऐकण्यासाठींच होता. धवला मात्र उचलून धरणाऱ्या कंठांवर जगतो. मांडवांत कर्णे लागले, तेव्हां प्रथम धवलारीण ऐकूं येईनाशी झाली, मग तिच्यामागून म्हणणाऱ्या मुली उठून गेल्या. आज पुष्कळशा धवल्यांची मालकी थोड्या वृद्ध स्त्रियांच्या स्मृतीकडे उरली आहे. ज्यांच्या घरीं अशी आजी असेल, त्यांनीं खिशांतील यंत्रांत तिचा आवाज अवश्य सांठवावा. पण तेवढ्यावर न थांबतां, यंत्र बाजूस ठेवून तिच्याजवळ बसावें, आणि ती एक ओळ म्हणेल तेव्हां दुसरी आपण म्हणावी. आमच्या पूर्वजांनीं ऐकण्याची हीच रीत मानली होती.