बार्टन हॉलच्या मैफलीचे तबल्यातले मूळ

ठरलेल्या गाण्याचा आधार घेऊन मंचावरच उत्स्फूर्त वादनाचा दीर्घ विस्तार करणाऱ्या वाद्यवृंदाला अमेरिकेत ‘जॅम बँड’ म्हणतात, आणि या परंपरेचा आद्य प्रवर्तक असलेल्या ‘ग्रेटफुल डेड’चे चाहते आपल्या आवडत्या मैफली तारखेनेच ओळखतात. त्या तारखांमध्ये ८ मे १९७७ चे स्थान फार वरचे आहे. त्या रात्री न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली मैफल बेटी कँटर-जॅक्सन यांनी ध्वनिमुद्रित केली, तिच्या प्रती चाहत्यांच्या हातोहाती फिरल्या आणि २०१७ मध्ये ती अधिकृतपणे प्रकाशित झाली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. मात्र उत्तरार्धाच्या आरंभी ‘स्कार्लेट बिगोनियाज’ हे गाणे मध्ये न थांबता ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये उतरते, त्या सुमारे २५ मिनिटांच्या, सर्वाधिक वाखाणल्या गेलेल्या वादनाची एक मुळी थेट मुंबईच्या तबल्यापर्यंत जाते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९६७ मध्ये ‘डेड’मध्ये आलेले ड्रमवादक मिकी हार्ट यांनी पंजाब घराण्याचे तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले होते. अल्लारखाँचे मुंबईत जन्मलेले आणि माहीमला शिकलेले पुत्र झाकीर हुसेन सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियातील अली अकबर कॉलेजमध्ये शिकवू लागले, तेव्हा तेथील तालवाद्यवृंदात हार्टही सामील झाले. त्यातून आकारलेल्या ‘दिगा ऱ्हिदम बँड’च्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेत ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ ही रचना आहे आणि तीत ‘डेड’चे जेरी गार्सिया गिटार वाजवतात. हीच रचना पुढे शब्दांसह ‘फायर ऑन द माउंटन’ झाली आणि मार्च १९७७ मध्ये, म्हणजे बार्टन हॉलच्या जेमतेम दोन महिने आधी, प्रथम मंचावर आली.

या वंशावळीचा खरा पुरावा गाण्याच्या घडणीत आहे. तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर एक छोटी सुरावट तालाच्या आवर्तनाबरोबर अखंड फिरत राहते. तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात, आणि ती स्थिर राहते म्हणूनच तबलावादकाला लयीशी खेळण्याची मोकळीक मिळते. ‘फायर ऑन द माउंटन’ केवळ दोन स्वरसंघांवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोन जुळण्यांवर, आरंभापासून अखेरपर्यंत झुलत राहते. पाश्चात्त्य गीतरचनेच्या दृष्टीने ही उणीव भासेल. परंतु या आवर्तनाकडे लेहरा म्हणून पाहिले, तर गार्सियांची गिटार सावकाश वाढत, प्रत्येक फेरीगणिक नवा बेत मांडत का जाते, याचा उलगडा होतो.

या मतावर पहिला आक्षेप असा की, हार्ट यांनी ‘डेड’चे गीतकार रॉबर्ट हंटर यांचे शब्द लयीत उच्चारून या गाण्याचा एक कच्चा आराखडा ‘दिगा’च्या आधीच तयार केला होता, आणि ते शब्द हार्ट यांच्या रँचभोवतीच्या डोंगरांवर वणवा पेटलेला असताना सुचले होते. हा आक्षेप शब्दांपुरता निर्विवाद मान्य करावा लागतो. परंतु त्याने तबल्याचा संबंध तुटत नाही, कारण हार्ट यांची अल्लारखाँकडील तालीम त्या आराखड्याच्याही आधीची होती. मूळ झाकीर यांच्यापासून हलले, तर ते त्यांच्या वडिलांपाशी जाऊन पोहोचते.

दुसरे मत या झुलत्या लयीचे श्रेय जमैकाच्या रेगे संगीताला देते. गार्सिया आपल्या स्वतंत्र मैफलींत जिमी क्लिफ यांचे ‘द हार्डर दे कम’ वाजवीत असत, त्यामुळे हे मत बिनबुडाचे म्हणता येत नाही, आणि ‘स्कार्लेट बिगोनियाज’च्या चालीत कॅरिबियन वळण स्पष्टच आहे. तथापि रेगेने ठेक्याची डौलदार चाल समजते, आवर्तनाची अविचल शिस्त समजत नाही. त्यामुळे पहिल्या गाण्यावर रेगेचा हक्क मान्य करून दुसऱ्याचा कणा लेहऱ्याचा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

हार्ट आणि झाकीर यांचे सख्य पुढे ‘प्लॅनेट ड्रम’पर्यंत पोहोचले आणि १९९१ च्या त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले, तेव्हा जगाने त्याला दोन संस्कृतींचा संगम म्हटले. वास्तविक तो संगम त्या ध्वनिमुद्रिकेच्या आधी चौदा वर्षे बार्टन हॉलमध्ये घडून गेला होता, आणि म्हणून त्या मैफलीच्या कोणत्याही इतिहासात अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांची नावे तळटीपेत नव्हे, तर मुख्य मजकुरात असली पाहिजेत.