जनावर माझं, औषध कुणाचं?

"जनावर माझं आहे. त्याला कोणतं औषध द्यायचं ते मी ठरवीन. यात कायदा कुठून आला?"

हा प्रश्न हल्ली दोन टोकांकडून ऐकू येतो. एक टोक शहरातलं. कुत्र्याच्या सांधेदुखीला होमिओपॅथी चालेल का, मांजराला आयुर्वेदिक टॉनिक द्यावं का, सारखं स्टिरॉइड कशाला, असं विचारणारं. दुसरं टोक आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातलं. बैलाच्या सुजेला बिब्बा, गाईच्या कासेला लेप, पोटफुगीला काढा आणि डॉक्टर आलाच तर इंजेक्शन. दोघांची परिस्थिती वेगळी, पण प्रश्न एकच. त्याचं उत्तर नुसतं कायद्याचं पुस्तक उघडून मिळत नाही, थोडं मागे जावं लागतं. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

आधी एक गोष्ट. 'पर्यायी उपचार' हा शब्दच नवा आहे. दीडशे वर्षांपूर्वी आज ज्याला आपण पर्यायी म्हणतो तेच मुख्य होतं, आणि सरकारी डॉक्टर हा पर्याय होता. गिरनारच्या खडकावर अशोकाचा दुसरा शिलालेख आहे. त्यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचा आणि औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख आहे. म्हणजे जनावराचा उपचार ही राज्याची जबाबदारी, हा विचार आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जुना आहे. पुढे घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा, हत्तींसाठी पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद'. घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला.

पण ही शास्त्रं कुणाच्या जनावरांची होती ते बघा. घोडा आणि हत्ती, म्हणजे राजाची आणि फौजेची जनावरं. कुणब्याच्या बैलाला, धनगराच्या मेंढीला ग्रंथ नव्हता. तिथे गवळी, धनगर, पालं टाकत फिरणारे वैदू आणि गावातली जाणती माणसं हेच डॉक्टर. त्यांचं ज्ञान तोंडी होतं. त्यात उपयोगाचं बरंच होतं आणि क्रूरही बरंच होतं. गोऱ्ह्याचा बैल करताना अंड ठेचायचे, ही पद्धत आजही जुन्या माणसांना आठवत असेल. तापलेल्या लोखंडाने डागणं हा तर पुष्कळ दुखण्यांवरचा हमखास इलाज. परंपरेचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

इंग्रजांनीही सुरुवात घोड्यापासूनच केली. १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा शिकलेला पशुवैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधल्या पुसा इथल्या घोडेपैदाशीवर देखरेखीला आला. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, तीही फौजेच्या घोड्यांसाठी. शेतकऱ्याच्या गुरांकडे सरकारचं लक्ष गेलं ते साथीमुळे. बुळकांडीने गुरं इतकी मरायला लागली की त्यासाठी आयोग नेमावा लागला. कर्नल हॅलन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगाचा अहवाल १८७१ चा. हे हॅलन पुण्याच्या त्या लष्करी शाळेशी संबंधित होते.

त्यानंतरची बरीच पावलं आपल्या महाराष्ट्रात पडली. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. पण गुरांच्या साथीच्या रोगांवर प्रयोग करायचे तर वस्तीपासून लांब जागा हवी, म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

बुळकांडीवरची शेळीच्या ऊतींपासून केलेली लस मुक्तेश्वरलाच तयार झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर मोहीम चालली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९५ चा, २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. माणसाने पृथ्वीवरून कायमचे घालवलेले रोग दोनच, देवी आणि बुळकांडी. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली म्हणून हे झालं. "माझ्या बैलाला लस नको, मी धूप घालीन" असं प्रत्येक मालकाचं ऐकत बसलो असतो, तर बुळकांडी आजही गावात असती.

आता कायदा बघू.

पहिला टप्पा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांसाठी खासगी विधेयक आणलं होतं. नेहरूंनी ते मागे घ्यायला लावून सरकारी समिती नेमली आणि त्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याचं तिसरं कलम मालकावर कर्तव्य टाकतं. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या भल्यासाठी वाजवी ती सगळी काळजी घ्यायची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ द्यायच्या नाहीत. अकराव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, फार कुणाच्या लक्षात नसते. जाणूनबुजून आणि अवाजवीपणे जनावराला अपायकारक औषध किंवा पदार्थ देणं हा गुन्हा आहे. शिक्षा मात्र हास्यास्पद. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. आजही तेवढाच.

या कायद्यात मालकाच्या हक्काची भाषा जवळपास नाही, आहे ती कर्तव्याची. २०१४ च्या बैलगाडा आणि जल्लिकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच धाग्यावर बोट ठेवलं आणि प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला. वेदना, इजा आणि रोग यांपासून मुक्तता हे त्यातलं एक. शर्यतींबाबत पुढे कायदे बदलले, तो वेगळा विषय.

दुसरा टप्पा १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा. खरी मेख इथे आहे. या कायद्याचं तिसावं कलम सांगतं की पशुवैद्यकीचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो. आता माणसांचं बघा. माणसांसाठी १९७० मध्ये भारतीय वैद्यकाचा आणि १९७३ मध्ये होमिओपॅथीचा केंद्रीय कायदा झाला, वेगळ्या परिषदा झाल्या, वेगळ्या पदव्या मान्य झाल्या. म्हणून मला ताप आला तर कायद्याने तीन-चार दारं उघडी आहेत. माझ्या गाईला ताप आला तर एकच. जनावरांच्या आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची स्वतंत्र परिषद नाही, स्वतंत्र नोंदणी नाही. माणसांचा होमिओपॅथ फी घेऊन कुत्र्यावर उपचार करू लागला, तर कायद्याच्या भाषेत तो नोंदणी नसलेलाच ठरतो.

गंमत पुढे आहे. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांची जी व्याख्या आहे, तिच्यात माणसांबरोबर प्राणीही आहेत. म्हणजे गाईचं आयुर्वेदिक औषध बनवणं आणि विकणं परवाना घेऊन कायदेशीर, दुकानात ते राजरोस मिळतं. पण ते लिहून देणारा वेगळा वैद्य मात्र कायद्याला माहीत नाही. औषधाला मान्यता, वैद्याला नाही.

मग मालकाचं काय? "मालकाला उपचारपद्धती निवडण्याचा हक्क आहे" असं वाक्य या कायद्यांत मला कुठे सापडत नाही. तिसावं कलम बंधन घालतं ते व्यवसाय करणाऱ्यावर. स्वतःच्या गाईला हळद लावणाऱ्या बाईच्या मागे ते लागलेलं नाही. ब्रिटनने हे जास्त स्वच्छ लिहून ठेवलंय. तिथे १९४८ पासून अशिक्षित वैदूंची दारं बंद होत गेली, पण १९६६ च्या कायद्यात मालकाने स्वतःच्या प्राण्यावर किरकोळ औषधोपचार करायला सरळ मुभा आहे. आणि होमिओपॅथीवरून वाद झाला तेव्हा, २०१७ मध्ये, तिथल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने भूमिका घेतली की असे उपचार सिद्ध झालेल्या उपचारांच्या जोडीने असावेत, त्यांच्या जागी नकोत. बंदी घातली नाही, पण रेघ ओढली.

आपल्याकडे रेघ ओढणारा तिसरा कायदा २००९ चा, प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा. यादीतल्या रोगाचा संशय आला तर मालकाने कळवायचं, हे बंधन आहे. सरकार लसीकरण सक्तीचं करू शकतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून राज्यात लम्पी पसरला तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवलं. बाजार बंद, वाहतूक बंद, गोठ्यात येऊन लस. मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार रुपये मदत सरकारने दिली. तेव्हा काही लोक म्हणत होते, लस नको, आम्ही पाल्याचा उपाय करू. पाला करा, पण लसही घ्या, हेच उत्तर होतं. कारण माशी गोठा कुणाचा ते विचारत नाही.

एवढं वाचून वाटेल की मी सगळं डॉक्टरांच्या बाजूने बोलतोय. तसं नाही. आधुनिक म्हणून आलेल्या औषधाने काय केलं ते गिधाडांना विचारा. डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक गुरांना सर्रास टोचलं गेलं. ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलीपुरती करावी लागली. अँटिबायोटिकचंही तेच. कासदाह झाला की टोच इंजेक्शन, आणि दूध मात्र डेअरीला चालूच.

याच कासदाहावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आज कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप सुचवतं. लम्पीच्या वेळी विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गुळाचा उपायही मंडळाने दिला होता. म्हणजे गवळ्याच्या घरातलं ज्ञान मागच्या दाराने सरकारी पत्रकात आलंय. हे चांगलंच आहे. पण ते तपासून, प्रमाण ठरवून, डॉक्टरच्या शिक्षणात पुढच्या दाराने यायला हवं.

शेवटचा मुद्दा निवडीचा. निवड करायला दोन गोष्टी समोर लागतात. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन होतं. आमच्याकडे श्रेणी २ चा दवाखाना म्हणजे पशुधन पर्यवेक्षकाचा दवाखाना. कायद्याने तो नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली प्राथमिक उपचारच करू शकतो, २००९ च्या राज्याच्या अधिसूचनेची चौकट तीच. प्रत्यक्षात रात्री गाय अडली तर डॉक्टर तालुक्याला, आणि येणारा माणूस तोच पर्यवेक्षक किंवा त्याहून कमी शिकलेला कुणीतरी. शहरातला माणूस इंजेक्शन नको म्हणून होमिओपॅथी निवडतो, ती निवड. आमचा शेतकरी डॉक्टर नाही म्हणून बिब्बा लावतो, त्याला निवड म्हणू नका.

माझं मत सरळ आहे. घरातला निरुपद्रवी उपाय करायची मुभा मालकाला असावी, आणि ती कायद्यात स्पष्ट लिहावी. साथीचा रोग, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा आणि असह्य वेदना, या तीन ठिकाणी ती मुभा संपली पाहिजे. पिसाळी एकदा दिसायला लागली की कुठल्याच पद्धतीकडे औषध नाही, असते ती फक्त आधीची लस. पैसे घेऊन उपचार करणाऱ्याकडे, पद्धत कुठलीही असो, नोंदणी हवीच. आणि माणूस स्वतःवर प्रयोग करून घेतो तेव्हा "नको" म्हणू शकतो, जनावराला ते येत नाही. म्हणून "माझं शरीर, माझा निर्णय" हा युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

तुमच्या गावात श्रेणी १ चा दवाखाना किती किलोमीटरवर आहे आणि तिथे डॉक्टरची जागा भरलेली आहे का, एवढं खाली लिहा. पुढच्या वेळी पंचायत समितीत हा विषय काढताना उपयोग होईल.