कानाच्या पाळीच्या वर: भिकबाळी, जोगी आणि एक बादशहा



जयपूरच्या झोटवाड्यात राहणाऱ्या आपल्या एका मराठी प्रेक्षक ताईंनी एक प्रश्न पाठवलाय. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं घराजवळच्या स्टुडिओत कान टोचून घेतला. पाळीला नाही, तर कानाच्या आतल्या वाटीला, आरपार. स्टुडिओवाले त्याला ‘कॉन्च’ म्हणतात, कॉन्च म्हणजे शंख. घरी आल्यावर आजी दोन दिवस नातीशी बोलल्या नाहीत. ‘आपल्यात असं कुणी करत नाही,’ एवढंच म्हणाल्या. ताईंचा प्रश्न असा की, खरंच आपल्यात असं कुणी करत नव्हतं का?

उत्तरासाठी आधी कानाचे दोन भाग वेगळे करू. खालची मऊ पाळी आणि तिच्या वरचा कुर्चेचा, म्हणजे कडक भाग. आपल्या इतिहासात या दोन भागांचा अर्थ वेगवेगळा आहे.

पाळी सगळ्यांची टोचायची. सोळा संस्कारांच्या यादीत कर्णवेध येतो. आपल्याकडे बाराव्या दिवशी किंवा बारशाला सोनार घरी यायचा आणि सोन्याच्या तारेनं बाळाचे कान टोचायचा. मुलगा असो वा मुलगी, दोघांचेही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय याच विषयावर आहे. कान कशासाठी टोचायचे, तर रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी, असं तिथं सांगितलंय. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, मुलाचा आधी उजवा आणि मुलीचा आधी डावा. पाळी उन्हात धरून जिथून प्रकाश आरपार दिसतो तिथं सुई घालायची. जागा चुकली तर काय होतं, हेही सांगितलंय. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरांची नावं देऊन, त्या दुखावल्या तर ताप, सूज आणि वेदना होतात असा इशारा दिलाय. टोचल्यावर भोकात कापसाची वात घालायची, तेल सोडायचं आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करायची. त्याच अध्यायात फाटलेला कान जोडण्याच्या १५ पद्धती आहेत. म्हणजे कान फाटण्याचे प्रकारही त्या काळी भरपूर असणार!

हे झालं पाळीचं. तिच्या वर टोचायला मात्र काहीतरी कारण लागायचं.

भिकबाळी घ्या. पुरुषांनी उजव्या कानाच्या वरच्या भागात घालायची मोत्यांची बाळी. आज ती पेशवाई थाटाची खूण वाटते, पण तिच्या नावात ‘भीक’ आहे. परंपरेनं याची जी हकिकत सांगतात ती अशी. आधीची मुलं दगावलेल्या घरात मुलगा जन्मला की आईवडील चार घरी पदर पसरायचे. मिळालेल्या पैशातून बाळी करायची आणि ती या मुलाच्या कानात घालायची. हे मूल आमच्या मालकीचं नाही, मागून आणलेलं आहे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही. भिकाजी, भिकू, धोंडू, दगडू, नथू ही आपल्याकडची नावं याच भीतीतून आली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मणाऱ्या दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल पहिला वाढदिवस पाहत नव्हतं. त्याआधीच्या शतकांतली स्थिती बरी असण्याचं काही कारण नाही. तीन मुलं पुरलेल्या आईला चौथ्याच्या कानात बाळी घालताना काय वाटत असेल, याचा विचार करून बघा. पुढे श्रीमंत घरांनी तीच बाळी मोती आणि माणकांनी सजवली आणि ती मिरवायची गोष्ट झाली.

दुसरं उदाहरण नाथपंथाचं. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे ती मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ अशी. याच गोरक्षनाथांना मानणारे जोगी ‘कानफाटे’ म्हणून ओळखले जातात. पूर्ण दीक्षेच्या वेळी गुरू दुधारी सुरीनं शिष्याच्या कानाची वाटी चिरतो, हो, तीच वाटी! जखम भरेपर्यंत तिथं कडुनिंबाची काडी ठेवतात आणि मग मोठी मुद्रा, म्हणजे कुंडल घालतात. जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज या अभ्यासकानं १९३८ साली या जोग्यांवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हा विधी तपशिलानं आलाय. कान चिरला की घर सुटलं, जात सुटली. राजस्थानात तर जोधपूरचे महाराजा मानसिंह, ज्यांनी १८०३ ते १८४३ राज्य केलं, ते नाथांचे निस्सीम भक्त होते. तेव्हा झोटवाड्यातल्या लेकीनं निवडलेली जागा तिच्या राज्यालाही नवी नाही आणि आपल्यालाही नाही.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, आणि ते जयपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर अजमेरला घडलंय. १६१४ साली बादशहा जहांगीर अजमेरला मुक्कामाला होता. तो आजारी पडला. ताप आणि डोकेदुखी. राज्यात गोंधळ माजू नये म्हणून त्यानं हे फक्त नूरजहानला सांगितलं. ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यात जाऊन त्यानं नवस केला आणि बरा झाल्यावर दोन्ही कान टोचून मोती घातले. आपल्या आत्मचरित्रात त्यानं कारण लिहिलंय. फार्सीत एकनिष्ठ दासाला ‘हल्का-ब-गोश’ म्हणतात, म्हणजे कानात कडी असलेला. मनानं मी ख्वाजांचा दास होतोच, आता उघडपणे झालो, असा त्याचा भाव. मग दरबारी मंडळींनीही धडाधड कान टोचून घेतले आणि बादशहानं त्यांना मोती वाटले.

आता ही तीन माणसं शेजारी बसवा. पेशवाईतलं ते बाळ, जोगी आणि बादशहा. त्यांच्यात काहीच साम्य नाही, पण तिघांच्याही कानाला पडलेलं भोक एकच सांगतंय: हा जीव आता याचा एकट्याचा राहिला नाही. बाळाचा जीव भीक घालणाऱ्या चार घरांचा, जोग्याचा गुरूचा, बादशहाचा ख्वाजांचा.

बायकांच्या कानाचा वरचा भाग मात्र दागिन्यांसाठी मोकळा होता. पाळीत कुडी आणि वरच्या कडेला बुगडी. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटातल्या लावणीनं बुगडी घराघरात पोचवली. म्हणजे आजींच्या आजीचाही कान वर टोचलेला असण्याची शक्यता बरीच आहे. आजींना हे जरूर सांगा.

मग हे सगळं विसरलो कसे? शहरी नोकरी, शाळा आणि कोटटोपी आली तशी पुरुषांच्या कानातली बाळी गेली. मुलं जगू लागली, तशी भिकबाळी घालण्याची निकडही संपली. राजस्थानच्या गावांत पुरुषांच्या कानात मुरकी अजून दिसते. आपल्याकडे मात्र भिकबाळी परतली ती २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर आणि ढोलपथकांच्या पोरांच्या कानात. आता बहुतेक ती चापाची असते. भोक नाही, नवस नाही आणि भीकही नाही.

एक गोष्ट आजींच्या बाजूनं. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. म्हणून पाळी काही आठवड्यांत बरी होते, तर वाटीला सहा महिने ते वर्षही लागतं. तिथं पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. तेव्हा टोचण्याचं बंदूकयंत्र तिथं नको, निर्जंतुक पोकळ सुईच हवी, आणि सूज वाढली तर लगेच डॉक्टर. सोनारानंच कान टोचावेत, ही म्हण आपण उपदेशासाठी वापरतो, पण ती मुळात जाणत्या हाताबद्दल आहे.

ताई, तुमच्या लेकीला रागावण्याआधी एकदा विचारा की हे कशासाठी केलंस. ‘आवडलं म्हणून’ असं म्हणाली, तर तेही नवीनच आहे. त्या बाळाला कुणी विचारलं नव्हतं. तिचा कान कुणाच्याही नावे झालेला नाही, तो तिचाच आहे. आजींना हे पटेल की नाही, मला सांगता येत नाही. पण दोन दिवसांचा अबोला मोडायला एवढ्या गोष्टी पुरतील, असं वाटतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.