दूरध्वनीचा क्षेत्रोपाध्याय

नाशिकच्या रामकुंडावर परगावचा यात्रेकरू उतरला, की त्याला प्रथम विचारले जाते ते त्याचे आडनाव आणि मूळ गाव. आणि एवढ्या दोन गोष्टी त्याने सांगितल्या, म्हणजे घाटावरील क्षेत्रोपाध्यायांपैकी ज्याच्या घराण्याकडे त्या कुळाची वृत्ती परंपरेने चालत आली असेल, तो पुढे होतो, वही सोडतो आणि यात्रेकरूच्या आजोबा-पणजोबांनी तेथे करून ठेवलेला लेख त्याच्यापुढे धरतो. स्वतःच्या कुळाखेरीज दुसरे काहीही ठाऊक नसलेल्या नवख्याला परक्या ठिकाणी रुजू करून घ्यावयाचे कसे, हा जो प्रश्न या वह्यांनी सोडविला, तोच याच शहरातील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि लहानमोठ्या कचेऱ्यांत आयपी फोन बसविणाऱ्यांपुढे येतो. आणि त्याचे उत्तर कसे घडत गेले याचा इतिहास, वरवर रुक्ष दिसला तरी, मोठा मनोरंजक आहे.

जुन्या दूरध्वनीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. मुंबईत 1882 साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले तेव्हापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे फोनची ओळख फोनमध्ये नसून त्याच्या तारेत होती. उपकरण कोणतेही असो, ज्या जोडीला ते जोडले त्या जोडीचा क्रमांक त्याला आपोआप लाभे. कचेऱ्यांत ईपीएबीएक्स आले तरी ही वहिवाट मोडली नाही. एखाद्या हेडक्लार्कचे बस्तान तळमजल्यावरून माडीवर हलले, की टेलिफोन मेकॅनिक येई, भिंतीवरची एमडीएफची पेटी उघडी, जंपरची तार एका खाचेतून उपसून क्रोनच्या हत्याराने दुसऱ्या खाचेत दाबून बसवी, आणि साहेबांचे एक्स्टेंशन साहेबांच्या मागोमाग माडीवर जाई. कोणती जोडी कोणत्या खोलीत जाते याचा तपशील पुष्कळदा पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेला असे, आणि तो पुसला गेला म्हणजे मेकॅनिकच्या स्मरणाखेरीज दुसरे दफ्तर उरत नसे.

1998 साली सिस्कोने सेल्सियस सिस्टिम्स ही आयपी फोन बनविणारी लहान कंपनी विकत घेतली आणि संगणकाच्या जाळ्यावरून चालणारा फोन हळूहळू कचेरीत स्थिरावला. या जाळ्यात तार सर्वांची सामाईक. खोक्यातून निघालेल्या फोनला ना क्रमांक, ना पत्ता, ना मालकाचे नाव. त्याच्यापाशी असतो तो कारखान्यातच कोरला गेलेला बारा अक्षर-अंकांचा मॅक ॲड्रेस, ज्यातील पहिली सहा चिन्हे बनविणाऱ्याचे कुळ सांगतात आणि उरलेली सहा त्या एकट्या यंत्राची असतात.

या अडचणीवरील तोड फोनवाल्यांनी काढली नाही. ती त्यांना आयती मिळाली. 1985 साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी डिस्क नसलेल्या संगणकांना पत्ता देण्यासाठी बूटपी नावाचा संकेत मांडला. परंतु त्यात प्रत्येक यंत्राची नोंद कारभाऱ्याने आधी हाताने करून ठेवावी लागे आणि दिलेला पत्ता जणू वतन म्हणून कायमचा जाई. 1993 साली बकनेल विद्यापीठातील राल्फ ड्रोम्स यांनी पुढे आणलेल्या डीएचसीपीने वतनाच्या जागी मुदतीचा पट्टा आणला: पत्ता ठरावीक काळापुरता मिळतो, निम्मी मुदत सरली की यंत्र स्वतःच वाढ मागते, आणि जे मागत नाही त्याचा पत्ता मुदतीअखेर सरकारजमा होतो. माझ्या मते या विद्येतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

फोनला तार जोडताच तो 0.0.0.0 या शून्य पत्त्यावरून साऱ्या जाळ्याला हाक मारतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. फोन तोच पत्ता रीतसर मागतो. सर्व्हर मंजुरी देतो. मंजुरीच्या कागदावर पत्त्याशिवाय इतरही कलमे असतात, आणि फोनच्या दृष्टीने त्यांतील महत्त्वाचे कलम 66वे, सिस्कोच्या फोनांकरिता 150वे; कारण तुझी सनद कोणत्या सर्व्हरवर ठेवली आहे, हे तेथे लिहिलेले असते. ते कलम भरावयाचे राहून गेले, तर पत्ता हाती असूनही फोन मुका राहतो, आणि कचेरीतून तक्रार येते की फोन रजिस्टर होत नाही.

सनद आणण्याचे काम टीएफटीपीचे. एमआयटीतील कॅरन सॉलिन्स यांनी 1981 साली लेखनिविष्ट केलेला हा संकेत इतका साधा, की अगदी लहान स्मृतीच्या यंत्रातही तो मावे. सिस्कोचा फोन एसईपी या अक्षरांपुढे आपला मॅक जोडून त्या नावाची फाइल मागतो. फाइल 512 बाइटांच्या तुकड्यांनी येते, प्रत्येक तुकड्याची पोच दिल्यावाचून पुढचा निघत नाही, आणि 512हून तोकडा तुकडा आला म्हणजे मजकूर संपला असे समजावयाचे. मजकूर नेमका 512च्या पटीत असेल, तर शेवटी एक रिकामा तुकडा पाठवावा लागतो. कारकुनी काटेकोरपणाचा याहून सुरेख नमुना मी पाहिलेला नाही. एक्स्टेंशन, नाव, बटणांची मांडणी हे सारे त्या फाइलीत असल्यामुळे हेडक्लार्कने आता फोन उचलून माडीवर न्यावा आणि तेथे जोडावा; जंपर हलविण्याचे कारण उरले नाही.

परंतु मागणाराची ओळख पटविण्याची कोणतीही तरतूद टीएफटीपीत नाही. नाव सांगेल त्याला फाइल मिळते. डीएचसीपीतही जो सर्व्हर आधी बोलेल त्याचेच बहुधा ग्राह्य धरले जाते. यजमान कोणाचा, यावरून क्षेत्रोपाध्यायांचे तंटे पेशवाईत सरकारदरबारी आणि पुढे इंग्रजी अदालतींत गेले. कचेरीत हा तंटा एखाद्याने घरचा वायफाय राऊटर आणून भिंतीच्या जॅकमध्ये खुपसला की उद्भवतो. तो राऊटरही हाकेला ओ देऊ लागतो, फोन भलत्याच्या हाती सापडतात, आणि एका खोलीतले फोन चालू तर शेजारच्या खोलीतले बंद, असा घोळ होतो. त्यावर स्विचमध्ये अमुक पोर्टवरूनच पत्ते द्यावेत असे निर्बंध घालता येतात. नवे फोन आपली सनद एचटीटीपीएसने, सर्व्हरचा दाखला पडताळून आणतात. जुन्यांपैकी पुष्कळांना टीएफटीपीखेरीज दुसरी वाट ठाऊक नाही, म्हणून ते मेजावर आहेत तोवर तो सर्व्हरही चालू ठेवावा लागतो.