प्रभुभोजनविधी

ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती सामुदायिक उपासनाविधी. क्रूसावरील मरणाच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने शिष्यांसमवेत घेतलेल्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस यांवर ईश्वराची उपकारस्तुती करून ती उपासकांनी वाटून घेणे, हे या विधीचे मूळ स्वरूप होय. रोमन कॅथलिक त्यास ‘मिस्सा’ म्हणतात, केरळातील सिरियन ख्रिस्ती ‘कुर्बाना’ म्हणतात, तर मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘प्रभुभोजन’ हे नाव रूढ आहे. ‘यूखरिस्त’ ही प्राचीन संज्ञा उपकारस्तुती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली. क्वेकर व मुक्तिफौज यांसारखे मोजके पंथ सोडल्यास जगातील बहुतेक सर्व ख्रिस्ती हा विधी पाळतात. मात्र तो किती वेळा करावा, कोणी चालवावा आणि त्यातील भाकरीस नेमके काय मानावे, याबाबत त्यांच्यात तीव्र मतभेद आहेत. धर्मपंडितांचे लक्ष यांतील शेवटच्या प्रश्नाकडे अधिक राहिले. सामान्य उपासकाच्या दृष्टीने मात्र या विधीत आपला वाटा किती, आपण पाहणारे की सहभागी, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होता आणि त्यापायी रक्तपातही झाला आहे.

या विधीचे सर्वांत जुने लिखित वर्णन संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (सु. इ. स. ५३–५५) आढळते, चारही शुभवर्तमाने त्यानंतरची आहेत. हे वर्णन तक्रारीच्या ओघात आले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी विधी प्रत्यक्ष जेवणाच्या प्रसंगी होई. करिंथ येथील मंडळीत काहीजण आधीच पोटभर जेवून मद्यधुंद होत आणि ज्यांच्यापाशी काही नव्हते ते उपाशी राहत. असे भोजन प्रभूचे नव्हेच, असे पौलाने त्यांस खडसावले. पंक्तीत कोण बसतो व कोणास काय मिळते, हा प्रश्न अशा रीतीने या विधीच्या इतिहासात अगदी आरंभापासून आहे.

दुसऱ्या शतकात रोमन अधिकाऱ्यांना या गूढ भोजनाचा संशय येऊ लागला. ख्रिस्ती लोक नरमांस भक्षण करतात, अशी वदंताही पसरली होती. धाकटा प्लिनी या प्रांताधिकाऱ्याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजन यास पाठविलेल्या पत्रात आपल्या चौकशीचा वृत्तांत दिला आहे : हे लोक ठराविक दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्तास देव मानून स्तोत्र गातात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधेसुधे, निरुपद्रवी अन्न खातात. जस्टिन मार्टर याने सु. १५५ मध्ये आपल्या धर्माच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथात विधीचा क्रमच सांगितला आहे. रविवारी शहरातील व खेड्यांतील लोक एके ठिकाणी जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, मग प्रवचन व उभ्याने प्रार्थना होई. नंतर भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जाई. प्रमुखाने केलेल्या उपकारस्तुतीस लोक ‘आमेन’ म्हणून संमती देत. गैरहजर असणाऱ्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोहोचवीत. जमा झालेले दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांसाठी खर्च होई. आजचा मिस्सा किंवा प्रभुभोजनाची उपासना यांचा सांगाडा या वर्णनात जवळजवळ पूर्णपणे सापडतो.

उपासकांना या विधीचे केवढे मोल वाटे, याची साक्ष उत्तर आफ्रिकेतील आबितिना येथील हकीकत देते. सम्राट डायोक्लीशनने ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांच्या सभांना बंदी केली. तरीही रविवारच्या विधीसाठी एका घरी जमलेल्या ४९ स्त्रीपुरुषांना पकडून ३०४ मध्ये कार्थेज येथे चौकशीस उभे करण्यात आले. आज्ञा मोडून लोकांना घरात का घेतले, असे विचारल्यावर घरमालकाने दिलेल्या उत्तराचा आशय एवढाच होता, की या भोजनावाचून आम्हांस राहता येत नाही. त्याने कोणतेही तत्त्वज्ञान मांडले नाही.

पुढे ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्मास मोकळीक मिळाली व ३२१ मध्ये रविवार हा सुटीचा दिवस झाला. घरातील मेजाच्या जागी भव्य सभागृहातील वेदी आली. विधीस राजदरबाराचा थाट चढला. पूर्वेकडे ग्रीक, सिरियाक, कॉप्टिक, आर्मेनियन अशा विविध भाषांत उपासनापद्धती विकसित झाल्या आणि नवव्या शतकात सिरिल व मिथोडिअस या बंधूंनी स्लाव्ह लोकांसाठी त्यांच्याच भाषेत उपासना सिद्ध केली. पश्चिमेकडे चित्र वेगळे होते. रोममधील उपासना मूळची ग्रीक; चौथ्या शतकात ती लोकांना कळावी म्हणून लॅटिनमध्ये आली. काही शतकांनी लॅटिन ही कोणाचीच मायबोली उरली नाही, तरी उपासनेने ती सोडली नाही. सुबोधतेसाठी स्वीकारलेली भाषा दुर्बोधतेमुळेच पवित्र वाटू लागावी, हा इतिहासातील एक उपरोध म्हणावा लागेल.

मध्ययुगात पश्चिम यूरोपातील उपासक हळूहळू प्रेक्षक झाला. धर्मगुरू लोकांसमोर वेदीकडे तोंड करून पुटपुटत्या स्वरात प्रार्थना म्हणे. घंटा वाजली, की भाकरीची पातळ चकती उंच धरली जाई आणि लोक गुडघे टेकून तिचे दर्शन घेत. हे दर्शन हाच अनेकांच्या दृष्टीने विधीचा कळस बनला. प्रत्यक्ष सेवन इतके विरळ झाले, की १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेला प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी, ईस्टरच्या सुमारास, ते केलेच पाहिजे असा नियम करावा लागला. भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्वतः ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात रूपांतर होते, या सिद्धांतालाही याच परिषदेने अधिकृत शब्दरूप दिले. त्या पवित्र द्रव्याचा थेंब सांडेल या भीतीपोटी सामान्यजनांना पेला देणे बंद होत गेले. दोहोंपैकी कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्णच असतो, तेव्हा त्यांचे काही हिरावले जात नाही, असे धर्मशास्त्र्यांचे म्हणणे होते. युक्तिवाद सुसंगत होता. तथापि धर्मगुरू पितो आणि आपण पीत नाही, हे डोळ्यांना दिसत होते.

बोहीमियात (आताचे चेक प्रजासत्ताक) ही खंत उफाळून आली. यान हुस हा सुधारक कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे गेलेला असताना १४१४ मध्ये प्राग येथे याकोउबेक या त्याच्या सहकाऱ्याने सामान्यजनांना पुन्हा पेला देण्यास आरंभ केला. परिषदेने जून १४१५ मध्ये ही प्रथा निषिद्ध ठरवली आणि ६ जुलै रोजी हुसला जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर पेला हेच चेक जनतेचे निशाण झाले. त्यांच्या ध्वजांवर तो झळकू लागला. १४१९ ते १४३४ या काळात त्यांच्यावर एकामागून एक क्रूसयुद्धे लादली गेली. यान झिझ्का या सेनापतीच्या शेतकरी सैन्याने, तोफा चढवलेल्या गाड्यांच्या आडोशाने, ती परतवून लावली. अखेर १४३६ च्या करारान्वये चर्चला बोहीमियापुरती पेल्याची मुभा द्यावी लागली. १६२० मध्ये श्वेतगिरीच्या लढाईत चेक पक्षाचा पराभव झाल्यावर ती काढून घेण्यात आली व प्रागमधील टीन चर्चच्या दर्शनी भागावरील सोनेरी पेलाही उतरवला गेला. या युद्धांना राष्ट्रीय व आर्थिक कारणे होतीच. परंतु एवढ्या लोकांना एकत्र बांधणारे चिन्ह तलवार किंवा मुकुट नसून उपासनेतील पेला असावा, हे अर्थपूर्ण आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी पेला व लोकभाषा या दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने १५२६ मध्ये जर्मन मिस्सा प्रसिद्ध केला. झ्यूरिक येथे त्स्विंग्ली याने लाकडी ताटल्या व पेले वापरून विधी अगदी साधा केला. भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष असतो की ती केवळ त्याची खूण, या मुद्द्यावर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे या दोघांचे फिसकटले आणि प्रॉटेस्टंटांची एकजूट होऊ शकली नाही. लोकभाषेचे स्वागत सर्वत्र झाले असे मात्र समजू नये. इंग्लंडमध्ये १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीने लागू होताच डेव्हन व कॉर्नवॉल परगण्यांत बंड झाले. बंडखोरांना लॅटिन मिस्साच हवा होता. कॉर्नवॉलमधील कित्येकांना तर इंग्रजी येत नव्हती. राजधानीची भाषा ही त्यांच्या दृष्टीने लोकभाषा नव्हतीच. हजारो माणसे मारून हे बंड मोडण्यात आले. रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४५–६३) लॅटिन कायम ठेवली आणि १५७० च्या मिस्साग्रंथाने विधी एकसाची केला.

हाच लॅटिन विधी पोर्तुगीजांबरोबर गोवे व वसई येथे आला. १५१० नंतर गोव्यात, १५३४ नंतर वसई प्रांतात धर्मांतरित झालेला समाज ज्या विधीसाठी दर रविवारी चर्चमध्ये जाई, त्यातील शब्द त्याला कळत नसत. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने ही उणीव ओळखली. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांसाठी त्याने मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. चर्चमध्ये त्याचे वाचन होई. वेदीवर लॅटिन आणि तिच्या अवतीभवती मराठी ओवी अशी ही विभागणी होती आणि भाविकांच्या अंतःकरणाशी बोलणारा भाग वेदीबाहेरचा होता. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढल्यावर या प्रयत्नांनाही ओहोटी लागली. वसईत १७३९ च्या मराठी विजयानंतर अनेक चर्च ओस पडली. तरी तेथील ख्रिस्ती समाजाने आपली उपासना टिकवून धरली. केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांची कुर्बाना मात्र पोर्तुगीजांपूर्वी कित्येक शतके चालत आलेली होती. १५९९ च्या उदयंपेरूर येथील धर्मसभेत तिच्यात लॅटिन वळणाचे फेरफार लादण्यात आले आणि १६५३ मध्ये त्या समाजातील फार मोठ्या गटाने जेझुइटांची सत्ता झुगारण्याची शपथ घेतली.

भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुढे भाषेपेक्षा पेल्याचाच प्रश्न उभा राहिला, तोही नव्या अर्थाने. तरंगमबाडी येथे १७०६ पासून सुरू झालेल्या मिशनच्या तमिळ मंडळ्यांत उच्चवर्णीय व दलित वेगळे बसत आणि उच्चवर्णीय आधी पेला घेत. कलकत्त्याचे बिशप डॅन्यल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढून असे भेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा मद्रास व तंजावर येथील अनेक कुटुंबे मंडळी सोडून गेली. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. नगर परिसरातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेले लोक बहुसंख्य होते. त्यांच्याबरोबर एकाच पेल्यास ओठ लावणे ही जन्माने ब्राह्मण असलेल्या मनुष्यासाठी बाप्तिस्म्याहून अवघड पायरी असे. पाण्यात एकदा उतरता येते. उष्ट्याची शिसारी अंगात भिनलेली असते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी स्मृतिचित्रांत आपला सोवळेपणा कसा गळून पडला, हे ज्या प्रांजळपणे सांगितले आहे, त्यावरून या पायरीची कल्पना येते. पाश्चात्त्य देशांत आरोग्याच्या कारणास्तव १८९० नंतर प्रत्येकास स्वतंत्र लहान पेली देण्याची पद्धत निघाली व ती पुढे आपल्याकडेही आली. तिची सोय नाकारता येणार नाही. पण एका पेल्याने या देशात जे साधले, ते स्वतंत्र पेल्यांनी साधले नसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मराठी उपासनेचे सूर घडविण्याचे श्रेय मुख्यतः रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी रचलेले अभंग व पदे यांमुळे भाषांतरित इंग्रजी स्तोत्रांच्या जोडीला वारकरी वळणाची भक्ती उपासनेत आली. उपासना संगीत या मराठी स्तोत्रसंग्रहातून ती आजही म्हटली जातात. विविध प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्चची स्थापना झाली, त्यामुळे एरव्ही वेगवेगळ्या मेजांवर बसणारे एका मेजावर आले. व्यवहारातील एक बारकावा येथे नोंदविण्यासारखा आहे : १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातही धर्मविधीच्या द्राक्षारसाची वेगळी तरतूद करावी लागली.

रोमन कॅथलिक उपासनेतील मोठे परिवर्तन दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडविले. ४ डिसेंबर १९६३ रोजी २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झालेल्या उपासनाविषयक संविधानाने उपासकांचा जाणीवपूर्वक सहभाग हे सूत्र स्वीकारले. लोकभाषेस वाव दिला व काही प्रसंगी सामान्यजनांना पेला देण्याची मुभाही दिली. हुसला जाळल्यास तेव्हा साडेपाचशे वर्षे होत आली होती. धर्मगुरू आता लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. वसईच्या चर्चमध्ये मराठी आणि गोव्यात कोकणी मिस्सा ऐकू येऊ लागला. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा अनुकूलने मंजूर केली. त्यांत जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, पादत्राणे काढणे, आरती यांचा समावेश होता. काहींनी त्यांचे स्वागत केले; काहींना हे हिंदू विधींचे अनुकरण वाटले. ज्यांचे पूर्वज अशाच विधींपासून दूर झाले होते, त्या दलित ख्रिस्ती लोकांपैकी काहींना आरतीचे तबक पुन्हा समोर येणे रुचले नाही. त्यांचा आक्षेप केवळ रूढीप्रियतेचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

जुन्या लॅटिन मिस्साची ओढही संपली नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये त्यास मोकळी परवानगी दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली. त्याच वर्षी केरळातील सिरो-मलबार चर्चने विधीच्या मध्यवर्ती भागात धर्मगुरूने वेदीकडे तोंड करावे, असा निर्णय अंमलात आणला. एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतातील अनेक धर्मगुरू व उपासक लोकाभिमुख कुर्बानेच्या बाजूने त्याविरुद्ध उभे राहिले. २०२२ मध्ये एर्नाकुलम येथील मुख्य चर्चही बंद ठेवावे लागले. त्यापूर्वी २०२० च्या ईस्टरला महासाथीमुळे जगभरची चर्च रिकामी होती. मिस्सा घरोघरी पडद्यावर दिसला, प्रार्थना कानी पडल्या, कित्येकांनी पडद्यासमोर गुडघे टेकले. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी उपासकांना आपापल्या घरची भाकर हाती घेण्यास सांगितले, तर कॅथलिकांना इच्छारूपाने सेवन करण्याची प्रार्थना म्हणून थांबावे लागले.