कॉर्टिसोन, संधिवात आणि रक्तशर्करा

कॉर्टिसोनच्या शोधाची कथा बहुधा एका रुग्ण स्त्रीपासून सुरू केली जाते. संधिवाताभ संधिशोथाने (यापुढे सोयीसाठी केवळ संधिवात) चार वर्षांहून अधिक काळ पीडलेली आणि अंथरुणावर कूस बदलणेही जिला कठीण झाले होते, अशी एक २९ वर्षांची स्त्री १९४८ साली अमेरिकेतील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाली. २१ सप्टेंबर रोजी तिला ‘संयुग ई’ या द्रव्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. मात्रा रोजची १०० मिलिग्रॅम होती. आठवडाभरात ती आपल्या पायांनी गावात खरेदीस गेली. पुढील वर्षी १४ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध झाला, द्रव्याला कॉर्टिसोन हे नाव मिळाले, आणि १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फिलिप हेंच, एडवर्ड केंडॉल व बाझेलचे टाडेउश राइखस्टाइन यांना विभागून देण्यात आले.

ही कथा खरी आहे. परंतु ती अपुरी आहे. ज्या द्रव्याने त्या स्त्रीचे सांधे मोकळे झाले, त्याच द्रव्याने निरोगी उंदरांच्या मूत्रात शर्करा उतरते हे सात वर्षे आधी सिद्ध झालेले होते. आणि संधिवाताच्या रोग्यांना शर्करा नीट पचविता येत नाही, ही गोष्ट त्याहूनही २१ वर्षे आधी नोंदली गेली होती. या दोन नोंदींचा परस्परांशी काय संबंध आहे, हे कळण्यास मात्र शतकाचा उरलेला बहुतेक काळ जावा लागला.

पहिली नोंद फिलाडेल्फियाचे राल्फ पेम्बर्टन यांची. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांपैकी सांधेदुखीच्या ४०० रोग्यांचा अभ्यास करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० साली आपले निष्कर्ष मांडले. रक्तातील नायट्रोजन, चुना, मेद इत्यादींत लक्षणीय असे फारसे काही आढळले नाही. परंतु ग्लुकोज पाजल्यानंतर अनेक रोग्यांची रक्तशर्करा अपेक्षेहून अधिक चढे व उतरण्यास अधिक वेळ लागे. रोग ओसरू लागला की हा दोषही कमी होई. पेम्बर्टन यांनी यावरून पिष्टमय आहार कमी करण्याचा उपचार सुचविला. तो उपचार टिकला नाही, आणि त्यांनी दिलेली कारणमीमांसाही टिकली नाही. निरीक्षण मात्र अचूक होते.

दुसरी नोंद समजण्यासाठी अंतःस्रावी ग्रंथींच्या प्रयोगशाळेत डोकावले पाहिजे. अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय यांनी १९३० च्या सुमारास दाखविले की, अग्निपिंड काढलेल्या कुत्र्याची पोषग्रंथीही काढून टाकली तर त्याचा मधुमेह सौम्य होतो. १९३६ साली लाँग व ल्यूकेन्स यांनी मांजरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून तोच परिणाम मिळविला. म्हणजे मधुमेह हा केवळ इन्सुलिनच्या अभावाचा प्रश्न नसून इन्सुलिनच्या विरुद्ध ओढणाऱ्या हॉर्मोनांचाही प्रश्न आहे, हे स्पष्ट झाले. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील कोणते द्रव्य हे काम करते? ड्वाइट इंगल यांनी १९४१ साली उंदरांना जे द्रव्य देऊन मूत्रात शर्करा आणली, त्याचे लांबलचक रासायनिक नाव उलगडले असता ते केंडॉल यांचे ‘संयुग ई’च निघते. इंगल हे पूर्वी केंडॉल यांच्याच प्रयोगशाळेत काम करीत होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

हेंच यांचा मार्ग यापासून अगदी वेगळा होता. १९२९ च्या एप्रिलमध्ये संधिवाताच्या एका वयस्क रोग्याने, जो स्वतः वैद्य होता, त्यांना सांगितले की, कावीळ झाल्यापासून आपले सांधे दुखेनासे झाले आहेत. पुढे गर्भारपणातही अनेक स्त्रियांची सांधेदुखी शमते, हे हेंच यांनी पाहिले. ज्या रोगाला असाध्य म्हणत तो अशा रीतीने मागे हटतो, तर शरीरात त्याला हटविणारे काही द्रव्य असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. पुढे केंडॉल यांच्याशी झालेल्या चर्चांतून अधिवृक्क द्रव्यांकडे त्यांचे लक्ष गेले. तथापि ते द्रव्य पुरेसे मिळेना. मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून ते १९४४ साली तयार केले, तरी माणसाला देता येईल इतका साठा होण्यास आणखी चार वर्षे गेली.

अशा रीतीने एकच रेणू दोन विद्याशाखांत दोन रूपांनी वावरत होता. उंदरांत शर्करा उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून एकीकडे त्याची ओळख होती, तर सांधेतज्ज्ञांच्या दृष्टीने ते मुक्ती देणारे द्रव्य ठरले. मेयोच्या वैद्यांना धोका ठाऊक नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधुमेहाचे जाणकार रँडल स्प्रेग यांनी सहकाऱ्यांसह १९५० सालीच कॉर्टिसोनच्या मानवी शरीरावरील परिणामांचा सविस्तर वृत्तांत दिला होता. परंतु पलंगाला खिळलेला मनुष्य उठून चालू लागतो, तेव्हा त्याच्या मूत्रातील शर्करेकडे कोणाचे लक्ष जाणार?

ते लक्ष पुढे जावेच लागले. १९५४ साली मिशिगनच्या फाजन्स व कॉन यांनी या दोषाचेच साधन केले. मधुमेही व्यक्तींच्या वरवर निरोगी दिसणाऱ्या नातेवाइकांना कॉर्टिसोन देऊन नंतर ग्लुकोज पाजले असता, काहींची रक्तशर्करा अनपेक्षित चढली. ज्याचे अग्निपिंड हा ताण सहन करू शकते त्याचा मधुमेह प्रकट होत नाही, इतरांचा होतो, हा विचार येथून दृढ झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आरंभीच्या संधिवातात कॉर्टिसोन व ॲस्पिरिन यांची तुलना झाली. वर्षअखेर दोहोंच्या फळांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. १९५५ साली प्रेड्निसोन आले. त्याने शरीरात मीठ साचण्याचा त्रास कमी झाला. शर्करेचा झाला नाही. दाहशमन व शर्करावृद्धी हे गुण एकमेकांपासून वेगळे करणे रसायनज्ञांना साधले नाही.

याचा एक परिणाम असा झाला की, संधिवाताच्या रोग्यात शर्करा वाढली की दोष औषधाच्या माथी मारण्याची सवय जडली. पेम्बर्टन यांच्या काळी कॉर्टिसोन नव्हतेच, ही साधी गोष्ट मागे पडली. १९८० नंतर स्वीडनमधील स्वेन्सन व सहकाऱ्यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. रोग भडकलेल्या रोग्यांच्या ऊती इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि दाह शमला की तो प्रतिसाद सुधारतो, असे त्यांना आढळले. १९९३ साली बोस्टनमध्ये होतामिश्लिगिल, शारगिल व स्पीगलमन यांनी दाहकारक प्रथिन टीएनएफ-आल्फा स्थूल प्राण्यांत इन्सुलिनची क्रिया अडविते हे दाखविले. हेच प्रथिन संधिवाताच्या सांध्यांतही मुबलक असते, आणि त्याला निष्प्रभ करणारे उपचार त्याच सुमारास लंडनमध्ये सुरू झाले होते.

हॉर्मोनांच्या पातळीविषयीची समजूतही याच काळात बदलली. १९९२ साली लंडनमधील चिकांझा व सहकाऱ्यांनी दाखविले की, संधिवाताच्या रोग्यांच्या रक्तात कॉर्टिसॉलचे प्रमाण वरवर पाहता सामान्य असते. परंतु शरीरात एवढा दाह असताना ते सामान्य असणे हेच असामान्य होय. शस्त्रक्रियेनंतर इतर रोग्यांत ते जसे वाढते तसे या रोग्यांत वाढत नाही. म्हणजे स्वतःचे हॉर्मोन कमी पडते म्हणून दाह धुमसतो व दाहामुळे इन्सुलिन निष्प्रभ होते. बाहेरून हॉर्मोन दिले तर दाह शमतो, पण ते हॉर्मोन स्वतःच शर्करा वाढविते. कोणत्या रोग्यात कोणते पारडे जड होईल हे मात्रा, कालावधी, वजन व आनुवंशिकता यांवर अवलंबून राहते. २०११ साली डॅनियल सॉलोमन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत टीएनएफ-विरोधी औषधे किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या रोग्यांत मधुमेहाची नवी उद्भूती कमी दिसली. ती पाहणी होती, प्रयोग नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते.

सकाळी घेतलेल्या प्रेड्निसोलोनने रक्तशर्करा मुख्यतः दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. त्यामुळे केवळ उपाशीपोटी केलेली तपासणी अशा रोग्यात निर्दोष येऊ शकते. पेम्बर्टन यांनी ग्लुकोज पाजून काही तास वाट पाहिली होती.