दहा राग, तीन यंत्रं

हिंगणघाटला गणपतीच्या मिरवणुकीत डीजेचा बास छातीत धडकला की मला हमखास चरणजित सिंग आठवतात. कोण हे? सांगतो.

हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ठेक्याला टीआर-८०८, बासला टीबी-३०३, सुरावटीला ज्युपिटर-८. त्यावर भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली, पण ती खपली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये ८०८च वाजलं आणि हिपहॉपचा ठेका बदलला!

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर'ने ३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं आणि अ‍ॅसिड हाऊस जगभर पोचलं. २०१० मध्ये सिंगांची एलपी पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. हे तर पाच वर्षं आधीचं!

मग सिंग जनक का? मला नाही वाटत. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोच्या पोरांनी त्यातून किंचाळी काढली, सिंगांना मींड सापडली. हार्डवेअर तेच, इनपुट वेगळं. फरक इतकाच, की तिकडे बंद पडलेलं ३०३ सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळालं आणि पोरं जमली. सिंग एकटेच राहिले. सत्तरी उलटल्यावर युरोपात टाळ्या मिळाल्या. २०१५ मध्ये ते गेले.

आज ही यंत्रं सॉफ्टवेअर होऊन कुठल्याही लॅपटॉपवर चालतात, हिंगणघाटातल्यासुद्धा. तिथला एखादा पोरगा काही नवं करत असेल, तर ते आत्ताच ऐकूया. अठ्ठावीस वर्षं थांबायला नको.